ग्रीन कार्डवर देशाबाहेर जाताय? निघण्यापासून परत येईपर्यंत काय काय सांभाळायचं

"सहा महिन्यांच्या आत परत आलं की झालं, कार्डाला काही होत नाही." अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं, विशेषतः आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं की, आणि मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो, साडेपाच महिने तिकडे, तीन आठवडे इकडे, परत विमान. काही वर्षं हे चालूनही जातं म्हणून लोकांना वाटतं हाच नियम आहे. हा नियम नाहीये. सहा महिन्यांना कायद्यात अर्थ आहे, एका वर्षालाही आहे, पण त्या दोन्हीपेक्षा मोठा प्रश्न एकच आहे की तुमचं कायमचं घर नक्की कुठे आहे, आणि ते कागदावर दाखवता येतं का.

हे सगळं फक्त अमेरिकेच्या ग्रीन कार्डबद्दल आहे. कॅनडाच्या पीआरला (तिथल्या कायम वास्तव्याला) ५ वर्षांत ७३० दिवस असा सरळ आकडा आहे, अमेरिकेत तसा आकडाच नाही आणि सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

आधी तीन हिशोब वेगळे करा

लोक इथे सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, म्हणून जरा सावकाश.

पहिला हिशोब १८० दिवसांचा. ग्रीन कार्डवाला थोड्या दिवसांसाठी बाहेर जाऊन आला तर कायद्याच्या भाषेत तो 'नव्याने प्रवेश मागणारा' नसतो, तो आपल्या घरी परत येत असतो. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा धरता येतं, म्हणजे गुन्ह्यांचा रेकॉर्ड, तब्येत, सरकारी मदतीवर अवलंबून राहणार का, हे सगळे निकष परत लागू शकतात. यानं आपोआप कार्ड जात नाही, तपासणी कडक होते. पण १७० दिवसांत आलो म्हणजे सुटलो असंही नाही, कारण त्याच कलमात असंही आहे की माणसानं स्टेटस, म्हणजे कायम रहिवाशाचा दर्जा, सोडून दिलेलं असेल, किंवा त्याच्या नावावर काही ठराविक प्रकारचे गुन्हे असतील, तर बाहेर किती दिवस होता याला अर्थ उरत नाही.

दुसरा हिशोब एका वर्षाचा. परत येण्याचं डॉक्युमेंट म्हणून कार्ड फक्त १ वर्षापेक्षा कमी गैरहजेरीसाठी चालतं. कार्डावर पुढची आठ वर्षं व्हॅलिडिटी दिसत असली तरी बाहेर वर्ष झालं की ते कार्ड विमानात चढायला पुरत नाही, मग री-एन्ट्री परमिट (निघण्याआधी अर्ज करून घ्यायची परत येण्याची परवानगी) लागतं किंवा कॉन्सुलेटमधून वेगळा व्हिसा.

तिसरा हिशोब सिटिझनशिपचा, तो पूर्ण वेगळा आहे आणि शेवटी बघू. त्याचे आकडे पहिल्या दोघांत मिसळले की डोकं फिरतं, आणि बहुतेक व्हॉट्सॲप सल्ल्यांत ते मिसळलेलेच असतात.

या तिघांच्या वर बसलेला आहे तो इरादा. इमिग्रेशन अपील बोर्डाच्या जुन्या निकालांपासून कसोटी साधारण अशी आहे की तुमची बाहेरची ट्रिप 'तात्पुरती' असली पाहिजे, म्हणजे निघताना तिला एक शेवट दिसत असला पाहिजे, वडिलांचं ऑपरेशन होऊन ते चालायला लागेपर्यंत, प्रोजेक्ट संपेपर्यंत, घर विकलं जाईपर्यंत. "बघू, जमेल तसं येऊ" हा शेवट नाही. आणि तुमचं मन काय म्हणतं ते ऑफिसर बघत नाही, तो तुमचं वागणं बघतो, घर कुठे, नोकरी कुठे, बायकोमुलं कुठे, टॅक्स कुठे आणि कसा भरता. म्हणूनच दर पाच महिन्यांनी येऊन पाय लावून जाणारा माणूस कधीतरी अडकतो, कारण त्याचा पॅटर्नच सांगतो की तो इथे पाहुणा आहे.

निघण्याआधी

पासपोर्ट आणि कार्ड दोन्हींच्या तारखा बघा, तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही. कार्डला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर आय-९० हा कार्ड बदलून घ्यायचा फॉर्म भरून टाका, त्याची पावती जुन्या कार्डाबरोबर ठेवली की कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढलेली धरतात, सप्टेंबर २०२४ पासून हे असं आहे. लग्नावर मिळालेलं २ वर्षांचं कंडिशनल कार्ड असेल तर आय-७५१ ची, म्हणजे कार्डावरची अट काढायच्या अर्जाची, खिडकी कार्ड संपायच्या ९० दिवस आधी उघडते आणि तुम्ही बाहेर आहात म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे ट्रिप त्या काळात येत असेल तर आधी कॅलेंडर बघा. त्याच्या पावतीनं ४८ महिने मिळतात. मुलांचं वेगळं, मूल १४ वर्षांचं झालं की ३० दिवसांत कार्ड बदलायला टाकायचं असतं, हे बऱ्याच आईबापांच्या लक्षातच नसतं.

नुकतेच इमिग्रंट व्हिसावर आलेले आईवडील विचारतात की प्लॅस्टिकचं कार्ड अजून आलं नाही, जाता येईल का. येतं. पासपोर्टमधल्या इमिग्रंट व्हिसावर एन्ट्रीचा शिक्का पडला की तो व्हिसाच १ वर्ष कार्डासारखा चालतो. फक्त २३५ डॉलरची इमिग्रंट फी भरलेली असू द्या आणि कार्ड ज्या पत्त्यावर येणार तिथे ते घेणारं कुणीतरी असू द्या.

पत्ता बदलला असेल तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवायचा फॉर्म भरायचा असतो. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे.

आता जरा अवघड गोष्ट. तुमच्यावर कधीही, कितीही जुनी, कितीही किरकोळ वाटणारी अटक किंवा कोर्ट केस असेल, दुकानातून वस्तू उचलल्याची, ड्रग्जची, घरगुती भांडणाची, तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. नेहमीच्या वकिलाला नाही, इमिग्रेशनवाल्याला. क्रिमिनल कोर्टात 'केस मिटली' म्हणजे इमिग्रेशनच्या दृष्टीनं मिटली असं नसतं, आणि अमेरिकेत बसून जी गोष्ट वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही ती एअरपोर्टवर पहिल्या पाच मिनिटांत स्क्रीनवर येते. गांजाचंही तसंच, तुमच्या राज्यात तो कायदेशीर असेल पण फेडरल कायद्यात नाही आणि इमिग्रेशन फेडरल आहे. केसचं निकालपत्र सर्टिफाइड कॉपीत जवळ ठेवा.

री-एन्ट्री परमिट

सहा महिन्यांच्या पुढे जाण्याची शक्यता दिसत असेल तर हे घ्या, वर्षाच्या पुढे जाणार असाल तर घ्यावंच लागेल. पायऱ्या अशा.

१. फॉर्म आय-१३१ भरायचा, आणि भरताना तुम्ही अमेरिकेत हजर पाहिजे. तिकडे जाऊन मुलाला "भरून टाक" सांगणं चालत नाही. एप्रिल २०२४ च्या फी यादीत याची फी ६३० डॉलर आहे, टाकायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर फी परत बघा, चुकीच्या फीचा अर्ज सरळ परत येतो.

२. सोबत कार्डाच्या दोन्ही बाजूंची कॉपी. बाहेर का जाताय ते थोडक्यात आणि खरं लिहा.

३. पावती येईल, मग बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो) अपॉइंटमेंट. ही अमेरिकेतच द्यायची असते, म्हणून निघायच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका. बायोमेट्रिक्स झाल्यावर निघता येतं, परमिट हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही, आणि प्रोसेसिंगला महिनोन्महिने लागतात त्यामुळे थांबणं परवडतही नाही.

४. परमिट कुठे पाठवायचं ते फॉर्ममध्येच निवडता येतं, अमेरिकेतल्या पत्त्यावर किंवा बाहेरच्या अमेरिकन दूतावासात वा कॉन्सुलेटमध्ये. घरी विश्वासाचं माणूस असेल तर घरी मागवलेलं बरं असं माझं मत.

परमिट २ वर्षांचं मिळतं. कंडिशनल कार्डवाल्यांना २ वर्षं किंवा कार्डाची अट संपण्याची तारीख, जे आधी येईल ते. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून, गेल्या ५ वर्षांपैकी एकूण ४ पेक्षा जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर सहसा १ वर्षाचंच देतात. ते वाढवून मिळत नाही, संपलं की परत येऊन नवीन अर्ज. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परमिट म्हणजे प्रवेशाची हमी नाही. ते असलं की फक्त 'इतके दिवस बाहेर होता' एवढ्या एका कारणावरून स्टेटस सोडलं असं म्हणता येत नाही, बाकी प्रश्न विचारायचे ते विचारणारच.

फाइल बनवा

मोबाइलमध्ये नको, कागदावर, हातातल्या बॅगेत. घराचं लीज किंवा मॉर्गेज, गेल्या दोन-तीन वर्षांचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र किंवा रजेचं पत्र, अमेरिकन बँकेचं चालू स्टेटमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, हेल्थ इन्शुरन्स, मुलांच्या शाळेचा कागद. आणि दुसऱ्या कप्प्यात बाहेर का थांबलात त्याचे कागद, हॉस्पिटलची पत्रं, डॉक्टरचा तारखेसह सल्ला, मृत्यूचा दाखला, रद्द झालेल्या फ्लाइटचे ईमेल. लोक पहिला कप्पा भरतात आणि दुसरा विसरतात, आणि लांबलेल्या ट्रिपमध्ये उपयोगी पडतो तो दुसराच. आईवडिलांच्या बाबतीत लीज, नोकरी काहीच नसतं, तेव्हा निदान बँक अकाउंट, स्टेट आयडी, इन्शुरन्स, टॅक्स रिटर्न आणि मुलाच्या घरी राहतात असं मुलाचं पत्र एवढं तरी करा.

तिकडे असताना

कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं तर घाबरू नका पण लगेच हला. पोलिसांत तक्रार, मग आय-१३१ए ऑनलाइन फी भरून जवळच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. ते पासपोर्टमध्ये विमानात चढण्यापुरता कागद चिकटवून देतात. बाहेर १ वर्ष व्हायच्या आत असाल तरच हा मार्ग आहे, री-एन्ट्री परमिट असेल तर २ वर्षांच्या आत. कार्ड नुसतं एक्स्पायर झालंय आणि ते १० वर्षांचं होतं तर बऱ्याचदा हे करावं लागत नाही, एअरलाइनला तसं कार्ड चालवून घ्यायची मुभा आहे, पण काउंटरवरच्या मुलाला ते माहीत असेलच असं नाही, तेव्हा आधी एअरलाइनशी बोला आणि लेखी उत्तर घ्या. कार्डाची तारीख संपली म्हणून स्टेटस संपत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ग्रीन कार्डवाल्या आईला बाहेरच्या तात्पुरत्या मुक्कामात बाळ झालं तर बाळाला व्हिसा लागत नाही, मात्र बाळ २ वर्षांचं व्हायच्या आत आणि बाळंतपणानंतर आईवडिलांपैकी जो पहिल्यांदा परत येतोय त्याच्याबरोबरच यायला हवं, आणि आणणाऱ्याचं ग्रीन कार्ड शाबूत पाहिजे. आई आधी एकटी येऊन गेली आणि बाळाला नंतर आणलं तर ही सोय गेली. बाळाचा पासपोर्ट आणि आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला, इंग्रजी भाषांतरासह.

वर्ष उलटून गेलं आणि परमिट नव्हतं तर? मग एसबी-१, म्हणजे रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा. कॉन्सुलेटमध्ये डीएस-११७ फॉर्म, फी १८० डॉलर, आणि तीन गोष्टी सिद्ध करायच्या: निघताना तुम्ही ग्रीन कार्डवाले होतात, परत यायचा इरादा होता आणि तो सुटलेला नाही, आणि थांबावं लागलं ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं. तिसरी सगळ्यात अवघड. गंभीर आजारपण, ज्यात डॉक्टरनं प्रवासच बंद केला होता, हे चालू शकतं, फ्लॅटचं काम संपत नव्हतं हे नाही चालत. मंजूर झालं तरी परत मेडिकल, परत इमिग्रंट व्हिसाची प्रोसेस.

इथे एक स्पष्ट सांगतो, पटो न पटो. आईवडिलांना खरंच अमेरिकेत राहायचं नसेल, मन तिकडेच असेल आणि वर्षातून दोन महिने नातवंडं बघायला यायचं असेल, तर ग्रीन कार्ड ओढत बसण्यापेक्षा आय-४०७ भरून ते स्वतःहून परत करणं आणि व्हिजिटर व्हिसा मागणं हे जास्त सरळ आहे. नंतर परिस्थिती बदलली तर २१ वर्षांवरचं सिटिझन मूल आईवडिलांसाठी परत पिटिशन टाकू शकतं, आणि त्या कॅटेगरीत कोट्याची रांग नाही. पण मुलाला सिटिझनशिप मिळालेली असली पाहिजे, हे आधी बघा.

परतीच्या एअरपोर्टवर

अबू धाबी, डब्लिन, शॅनन आणि कॅनडाचे मोठे एअरपोर्ट यांच्याकडून येणार असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, विमानात चढण्याआधी. सरळ साध्या ट्रिपला ही मस्त सोय आहे, उतरल्यावर रांग नाही. पण गैरहजेरी लांब असेल किंवा जुनी केस असेल तर मी तो रूट घेणार नाही, कारण अडवलं तर तुम्ही परदेशात उभे असता. अमेरिकेच्या जमिनीवर उतरल्यावर वाद झाला तर प्रकरण जजकडे नेणं त्यामानानं सोपं.

ऑफिसर विचारतो ते प्रश्न साधे असतात, किती दिवस बाहेर होता, का, इथे कुठे राहता, काय करता, परत कधी जाणार. छोटी आणि खरी उत्तरं. "आय लिव्ह इन इंडिया, व्हिजिटिंग माय सन" हे वाक्य आईवडिलांच्या तोंडून अगदी सहज, निरागसपणे निघतं आणि ते सगळ्यात महाग पडतं, तेव्हा विमानात बसवायच्या आधी त्यांच्याशी बोला, खोटं शिकवायला नाही तर त्यांचं खरं स्टेटस काय आहे ते त्यांना समजावून सांगायला. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागायचा, त्यात लाज नाही.

सेकंडरीत, म्हणजे जास्तीच्या चौकशीसाठी बाजूला, बसवलं तर शांत राहा. तिथे कधीकधी आय-४०७ समोर ठेवतात आणि सही केली तर लवकर मोकळं होता येईल असं सुचवतात. न समजलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, आणि या कागदावर तर मनापासून सोडायचं नसेल तर अजिबात नाही. त्यावर सही करायची सक्ती करता येत नाही. ऑफिसर एकट्यानं तुमचं स्टेटस काढून घेऊ शकत नाही, तो फार तर नोटीस टू अपिअर (इमिग्रेशन कोर्टात हजर व्हायची नोटीस) देऊ शकतो, मग केस इमिग्रेशन जजपुढे जाते आणि तुम्ही स्टेटस सोडलंत हे ठोस पुराव्यानं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. जजचा निकाल लागेपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच असता. कार्ड काढून घेतलं तर त्याऐवजी स्टेटसचा पुरावा म्हणून पासपोर्टमध्ये शिक्का मागा. "मला जजसमोर सुनावणी हवीये" हे एक वाक्य आईवडिलांना इंग्रजीत कागदावर लिहून द्या.

टॅक्स, जिथे लोक पैसे वाचवायला जाऊन स्टेटस घालवतात

ग्रीन कार्ड आहे तोवर तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट, जगात कुठेही राहा, जगभरचं उत्पन्न फॉर्म १०४० वर दाखवायचं. बाहेर राहत होतो म्हणून १०४०-एनआर हा नॉन-रेसिडेंटचा फॉर्म भरला, किंवा टॅक्स ट्रीटीचा आधार घेऊन मी दुसऱ्या देशाचा रेसिडेंट आहे असं सांगितलं, की टॅक्स कदाचित वाचेल पण तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून दिलंत की मी इथला नाही. सीए स्वस्तातला मार्ग सुचवतो, त्याला इमिग्रेशनशी घेणंदेणं नसतं. बाहेरच्या सगळ्या बँक खात्यांतली मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (बाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा भरायचा, आईवडिलांच्या एफडी यात नेहमी सापडतात.

सिटिझनशिपचा हिशोब

इथे दोन मोजमापं आहेत आणि दोन्ही पास व्हावी लागतात. एक, सलग वास्तव्य, ५ वर्षं, सिटिझनशी लग्न झालेलं असेल आणि त्याच्याबरोबर राहत असाल तर ३. एकाच ट्रिपमध्ये ६ महिन्यांपेक्षा जास्त पण १ वर्षाच्या आत बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, नोकरी, घर, कुटुंब इथेच होतं हे दाखवून ते खोडता येतं. १ वर्ष किंवा जास्त झालं तर तुटलंच, आणि इथे री-एन्ट्री परमिटचा काहीही उपयोग नाही, ते कार्ड वाचवतं, सिटिझनशिपची वर्षं वाचवत नाही. परत आल्यापासून साधारण ४ वर्षं १ दिवसानंतर अर्ज करता येतो, पण ती जुनी गैरहजेरी अजून आडवी येऊ शकते, म्हणून ४ वर्षं ६ महिने थांबणारे शहाणे. दोन, प्रत्यक्ष हजेरी, ५ वर्षांतले निदान ३० महिने अमेरिकेत, ३ वर्षांवाल्यांना १८ महिने. जायचा दिवस आणि यायचा दिवस दोन्ही अमेरिकेत धरतात, त्यामुळे काठावर असाल तर तेवढा फायदा.

अमेरिकन कंपनीनं किंवा सरकारनं बाहेर कामाला पाठवलं असेल तर एन-४७० नावाचा फॉर्म आहे, त्यानं सलग वास्तव्य टिकतं, अट अशी की ग्रीन कार्डनंतर किमान १ वर्ष तुम्ही अमेरिकेत सलग, एकदाही बाहेर न जाता राहिलेले असावे, आणि फॉर्म बाहेर १ वर्ष पूर्ण व्हायच्या आत टाकलेला असावा. एन-४७० मंजूर झाला तरी री-एन्ट्री परमिट वेगळं लागतंच.

आणि पासपोर्टवर आता शिक्के फारसे पडत नाहीत, म्हणून एक साधी एक्सेल शीट ठेवा, गेल्याची तारीख, आल्याची तारीख, फ्लाइट नंबर, कारण. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरताना सगळ्या ट्रिप लिहाव्या लागतात, आणि चार वर्षांपूर्वीच्या लग्नाला मार्चमध्ये गेलो होतो की एप्रिलमध्ये हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.